भिकाजीचा पायगुण

मस्कतजवळ अल खौदला विद्यापीठाकडे जाणाऱ्या रस्त्यावर अम्मारचं चहाचं दुकान आहे. टीव्ही भिंतभर आणि एसी कायमचा आजारी. त्या एसीपायी भिकाजी परब इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये अडकला, नाहीतर कुडाळकडचा हा माणूस, चेंडू म्हटला की त्याला क्रिकेटचाच आठवायचा.

ऑगस्टमधला शनिवार होता. प्रीमियर लीगचा सीझन नुकता सुरू झालेला आणि अम्मारचा संघ आल्या आल्या एक गोल खाऊन बसलेला. संघाचं नाव सांगत नाही. त्याचे चाहते मूठभर आहेत, पण आहेत ते भारी कजाग, उगीच दुखणं विकत कशाला घ्या. इंग्लंडच्या मधल्या भागातल्या कुठल्याशा गिरणीच्या गावात अम्मार तरुणपणी वर्षभर शिकायला होता, तिथून तो हा संघ गळ्यात बांधून घेऊन आला होता. जिंकण्याची सवय नसलेला संघ. पण प्रेम ते प्रेमच, त्याला काय करणार.

एसी दुरुस्त करायला भिकाजी वादी अदाईहून कंपनीची गाडी घेऊन आला. शिडी उभी केली, वर चढला, झाकण काढून एसीची जाळी उपसतोय तोच खाली एकच आरडाओरडा झाला. आपल्या हातून काही तुटलं वाटून त्याने घाबरून पाहिलं, तर माणसं एकमेकांच्या गळ्यात पडलेली. बरोबरीचा गोल झाला होता. पुढे काम आटपलं तसा अम्मार म्हणाला, "खलास? उतर, चहा घे."

आणि इथे भिकाजीने एक चूक केली. क्रिकेट बघताना आपल्याकडे घरोघरी जे चालतं, म्हणजे जोडी जमली की जो जिथे असेल त्याने तिथेच बसून राहायचं, पाय झिणझिणले तरी हलायचं नाही, ते त्याच्या तोंडून सहज निघून गेलं. "आता नको," तो हिंदीत म्हणाला. "मी वर असताना गोल झालाय. आता सामना संपेपर्यंत मी उतरत नाही. उतरलो तर पुढचा गोल तुमच्यावर बसेल."

असलं काही त्या दुकानात कुणी कधी ऐकलं नव्हतं. सगळे हसले. मग दुसरा गोल झाला, संघ जिंकला, आणि हसणारे जरा गप्प झाले.

पुढच्या शनिवारी भिकाजी नव्हता, संघ सपाटून हरला. त्याच्या पुढच्या शनिवारी अम्मारचा फोन. "एसी बंद पडलाय, लगेच ये." भिकाजी हत्यारांची पेटी घेऊन धावत गेला, तर एसी असा गार वारा टाकतोय की दारातच अंगावर काटा यावा. अम्मारने शिडीकडे बोट दाखवलं. भिकाजी वर चढला. संघ जिंकला. झालं, त्यानंतर ती शिडी कोपऱ्यातून हलली नाही. अम्मारची आई हवाबी दुकानाच्या मागे पराठे करायची. मस्कतच्या मत्रह बाजारात, हिंदुस्थानी व्यापाऱ्यांत वाढलेल्या बाईला हिंदी चांगलं येत होतं. तिला याचे पाय दुखतील म्हणून कळवळा आला आणि तिने वरच्या पायरीवर एक उशी बांधून दिली.

आता ही थट्टा म्हणून झकास आहे. पण ज्याला त्यांनी वर बसवला तो कोण, हे त्या दुकानात कुणालाच ठाऊक नव्हतं.

परबांच्या घरात मोठ्या कृष्णकांतच्या पाठीवर झालेली दोन मुलं गेली. तिसरं जगावं म्हणून आईने देवापुढे पदर पसरला आणि भीक मागून मिळालेला म्हणून मुलाचं नाव भिकाजी ठेवलं. बारशाची पानं उचलून व्हायची होती, तेवढ्यात बाप ओटीवर कोसळला आणि गेला. गावाला काय, बोलायला तोंडं आहेतच. पांढऱ्या पायाचा, असं कुणीतरी म्हणालं, आणि ते त्या पोराला जे चिकटलं ते चिकटलंच. कुणी त्याला मारलं नाही की उपाशी ठेवलं नाही. फक्त कुणाच्या घरचं शुभकार्य आलं की ऐन मुहूर्ताला भिकाजीला काहीतरी काम निघायचं. बर्फ आण. पाहुण्यांना स्टँडवरून घेऊन ये. पुढे मांडवात दिवे आणि पंखे आले तसा तो आपणहूनच जनरेटरपाशी जाऊन बसू लागला, म्हणजे कुणाला सांगायची अडचण नको. मंगलाष्टकं त्याने आयुष्यभर जनरेटरच्या घरघरीतून ऐकली. तारा, फ्यूज, मोटार, सगळं तिथेच बसून शिकला, आणि त्या हुन्नरावर मस्कतला आला. स्वतःच्या लग्नाचा विषय त्याने कधी निघू दिला नाही.

मस्कतमध्ये त्याला बरं वाटलं त्याचं खरं कारण पगार नव्हतं. इथे त्याच्या पायांकडे कुणी बघत नव्हतं.

आणि आता तर लोक त्याच्या पायांची वाट बघत होते. शनिवारी तो दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून निघायचा. दारात दिसला की टेबलं सरकायची, कुणीतरी शिडी धरायचं, वर बसला की चहाचा कप हातोहात वर पोचायचा. अहो, आयुष्यात पहिल्यांदा या माणसाला कुणी "तू आलास, आता होणार" असं म्हणत होतं. तो सुखावला. का सुखावू नये? उंबऱ्यात तो आता उजवा पाय आधी टाकू लागला. फुटबॉलातलं त्याला अजूनही अर्धंमुर्धं कळायचं, ऑफसाइडचं तर त्याने समजून घ्यायचंच सोडून दिलं होतं, पण गोल कुठल्या बाजूला व्हायला हवा एवढं पक्कं ठाऊक होतं.

डिसेंबरनंतर गाडी घसरली. संघ हरायला लागला, बरोबरीवर सुटायला लागला. दुकानातल्या मंडळींनी कारणं शोधली. भिकाजी उशिरा आला. भिकाजीने मध्येच मोबाईल काढला. मागल्या खेपेला उशी उलटी होती. ते हसत हसत बोलायचे, पण वर बसलेल्या माणसाला हसू येत नसे. कारण आता खालच्या तिघांचं भय उभं राहिलं होतं. वीस संघांत तळाला राहिलेल्या तिघांना पुढच्या वर्षी खालच्या लीगमध्ये ढकलतात. शाळेत नापास झालेल्या पोराला निदान त्याच वर्गात बसवतात, इथे मागच्या वर्गात पाठवतात. आणि अम्मारचा संघ त्या तिघांत येऊन उभा होता. हा बुडाला तर इथेही आपल्याला तेच नाव पडणार, या विचाराने भिकाजीची झोप उडाली. कुणापाशी बोलायची सोय नव्हती.

मार्चमध्ये गावाहून प्रियांकाचा फोन आला. कृष्णकांतची एकुलती एक लेक, काकावर फार जीव. तिचं लग्न मे महिन्यातल्या एका रविवारी ठरलं होतं. प्रीमियर लीगचा शेवटचा दिवस नेमका तोच.

"काका, तू येतलंस मां?"

"मे म्हयन्यात एसीवाल्याक रजा खयसून गावतली, बाय? हयसर आग पडता."

"ता माका सांगू नको. आणि आयक, जनरेटरकडे जायचा नाय. माका तू मुहूर्ताक मांडवात व्हयो. माझ्या समोर."

 बघतो, भिकाजी म्हणाला, आणि आठवड्याने रजा नाही म्हणून कळवून टाकलं. खरं तर त्याने रजा मागितलीच नव्हती. पोरीच्या संसारावर आपली सावली पडली तर, ही धास्ती एका बाजूला. दुसऱ्या बाजूला अल खौदची शिडी, जिथे तो नसला तर चालत नाही. जिथे आपण नकोसे आहोत तिथे जाऊन पोरीचं वाटोळं करण्यापेक्षा जिथे हवे आहोत तिथे बसलेलं काय वाईट, असं त्याने स्वतःला पटवलं. पटलं मात्र नाही. प्रियांका रुसली आणि तिने फोन करायचे बंद केले.

मेच्या मध्यावर, लग्नाला आठ दिवस उरले असताना, शनिवारी संघाला जिंकणं भागच होतं. सामना दुपारचा होता. बाहेर डांबर मऊ झालेलं, आणि दुकानात पाय ठेवायला जागा नाही. भिकाजीने त्या दिवशी काहीएक चुकवलं नाही. वेळेआधी आला, उजवा पाय आत टाकला, उशी तपासली, मोबाईल बंद करून पेटीत ठेवला. पाणीसुद्धा प्यायला नाही, उगीच मध्ये उतरायची पाळी नको.

पहिला गोल विश्रांतीआधीच संघावर बसला. दुसरा नंतर बसला. भिकाजी शिडीचा दांडा धरून बसून राहिला. शिट्टी वाजली आणि संघ खाली गेला. शेवटच्या रविवारच्या सामन्याला आता काही अर्थच उरला नाही.  एक विद्यार्थी टेबलावर डोकं टेकून बसला. हळूहळू माणसं उठून गेली.

भिकाजी सावकाश खाली उतरला. उशीची गाठ सोडली, शिडी मिटली आणि गल्ल्यापाशी अम्मारसमोर जाऊन उभा राहिला. "मला तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं," तो म्हणाला. "माझा पायगुण वाईट आहे. माझ्या बारशाच्या दिवशी माझा बाप गेला. आमच्याकडे मला शुभकार्यात उभं करत नाहीत. तुम्ही मला चांगला समजलात, आणि मी तसाच बसून राहिलो. तुमचा संघ माझ्यामुळे बुडाला."

अम्मारला आधी कळेना हा काय म्हणतोय. कळल्यावर तो खरोखर चिडला. "आमच्या गोलकीपरच्या हातून चेंडू दोनदा निसटला, बाकीच्या पोरांना एक पास धड देता येत नाही. ते सगळं इंग्लंडात झालं आणि तू अल खौदमध्ये उशीवर बसलेला. तुझ्या पायांचा काय संबंध?"

"पण जिंकलो तेव्हा तुम्हीच म्हणायचा, माझ्यामुळे जिंकलो."

"मजा होती रे ती. तू आलास की दुकान भरायचं, सगळ्यांना बरं वाटायचं." अम्मारचा आवाज खाली आला. "आम्हाला तू आवडतोस म्हणून बोलवत होतो. ऑगस्टमध्ये पुन्हा ये. खालच्या लीगचे सामनेही दिसतात. इन्शाल्ला, वर येऊ."

हवाबी पीठ माखलेल्या हातांनी दारात येऊन ऐकत उभी होती. तिने विचारलं, "कुठल्या शुभकार्यात उभं करत नाहीत तुला?"

"पुढच्या रविवारी माझ्या पुतणीचं लग्न आहे. ती बोलावतेय. मी नाही म्हटलं."

"मग इथे काय करतोयस?" हवाबी म्हणाली. मग लेकाकडे वळली. "याच्या मालकाला, त्या अर्बाबला, फोन लाव. आठ दिवसांची रजा दे म्हणावं."

भिकाजी बाहेर येऊन गाडीत बसला. गाडी तापलेली होती, तरी त्याने इंजिन सुरू केलं नाही. जागचा न हलता, सगळे नेम पाळून, जीव टांगणीला लावून तो शिडीवर बसला होता, आणि त्याने एक चेंडू अडला नाही. मग पाळण्यात झोपलेल्या बारा दिवसांच्या पोराने धडधाकट माणसाचा जीव कसा घेतला? इतकी साधी गोष्ट. पन्नाशी उलटली तरी ती आपल्याला कधी सुचली नाही, याचा त्याला संताप आला. गावाचा आला, स्वतःचा त्याहून जास्त आला.  त्याने भावाला फोन लावला.

"दादा, मी येतंय. आणि मुहूर्ताक मांडवात उभो रवतलंय. तुका चलत नसात तर आत्ताच सांग."

पलीकडे मांडव घालणाऱ्यांची ठाकठूक ऐकू येत होती. कृष्णकांत बाजूला आला तशी ती कमी झाली. मग म्हणाला, "बाबा तुझ्या पायगुणान गेले नाय रे, भिका, ते धडधाकट नव्हतेच. तू जल्माक येवच्या आदीपासून खोकल्यातसून रगात पडायचा. मी तांब्यातसून पाणी न्हेवन देय."

भिकाजीने विचारलं, "मगे इतक्या वर्सांत बोललंस कित्या नाय?"

"तू कधी इचारलंस नाय. गप जावन जनरेटरकडे बसायचंस. माका वाटला, तुका थयच बरा वाटता."

 मग कृष्णकांतने मांडवातच कुणाला तरी हाक मारून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "आमचो भिकाजी येता. मुहूर्ताक माझ्या बाजूक उभो रवतलो."