राखेने घासलेल्या काचा

पोंभुर्ण्याच्या वसतिगृहात रुखमाबाईने उभा जन्म भांडी घासली. चुलीची राख आणि चिंच, एवढ्यावर तिची पातेली अशी लखलखायची की पोरं त्यांत बघून भांग पाडत. नवरा लवकर गेला. या घासण्यावरच तिने लेकाला, संघपालला शिकवलं, आणि तो हैदराबादला लेझरच्या संशोधनात शिरला तेव्हा बाई गावभर सांगत सुटली. नेमकं काय सांगायचं ते तिला ठाऊक नव्हतं, पण म्हणून कुणी आई गप्प बसते का?

नागपूरहून खास काचा घडवून घेऊन हैदराबादला जाताना तो एका मुक्कामासाठी घरी उतरला. संध्याकाळी तिने खोदून खोदून विचारलं, तेव्हा त्याने समजावलं. लेझरचा झोत पडला की काचेच्या पृष्ठभागाचा प्लाझ्मा होतो, म्हणजे तळपता वायू. तोच आरसा बनतो, आणि परत फिरणाऱ्या उजेडात मूळ प्रकाशाच्या कितीतरी पट कंपनांचे नवे किरण निघतात. पण झोताच्या दाबाने आरशाला खळगा पडतो आणि किरण फाकतात. म्हणून त्याने काचांवर मधे किंचित जाड असा थर चढवून घेतला होता. दाबाने तो फुगवटा बसला की आरसा सपाट होणार, किरण एकवटणार. यंत्रावर त्याची पाळी परवा होती. ती हुकली तर वर्षभर दुसरी नव्हती, आणि शिष्यवृत्ती त्याआधीच संपणार होती.

रुखमाबाईच्या डोक्यात एकच राहिलं, आरसा. सकाळी तो आंघोळीला गेला आणि तिने डबी उघडली. काचांवर मळकट थर होता. लेकराची वस्तू मोठ्या लोकांपुढे अशी कशी जाऊ द्यायची? तिने राख घेतली, चिंच घेतली आणि सगळं कसब पणाला लावलं.

काचा लख्ख झाल्या. थर गेला, बारीक ओरखडे उठले. नव्या घडवायला वेळच नव्हता.

संघपालने एक काच उजेडात धरून पाहिली. मग म्हणाला, "तुले कोनं सांगतलं होतं हात लावाले?" आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

पाळी गेली, पाठोपाठ शिष्यवृत्तीही. आता तो गडचांदूरच्या एका कॉलेजात तासिकेवर शिकवतो. सुट्टीला घरी येतो, मायेने बोलतो, त्या सकाळचा विषय कधी काढत नाही. रुखमाबाईचं काळीज मात्र तेव्हाच फाटलं. त्याचा मळका शर्ट धुवायला घ्यायचा तरी ती दारात थांबते आणि विचारते, "बाबू, हात लावू का?"