शिक्का मारलेला काटा

माझा मामा वजनमाप खात्यात निरीक्षक होता. तो बाजारात शिरला की दुकानदारांचं धाबं दणाणायचं. काटा बरोबर निघाला तर मामा त्याला शिशाचा शिक्का मारायचा, आणि तो शिक्का कुणी तोडला तर त्याची खैर नसायची. एका भाजीवाल्याने शिक्का आपल्या बकरीने चावला म्हणून सांगितलं, तर मामा बकरीची चौकशी करायला तिच्या गोठ्यात गेला होता.

निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी त्याला घरी कॉफी करण्यासाठी छोटा डिजिटल वजनकाटा भेट दिला. या माणसाला द्यायला त्यांना दुसरं काही सुचू नये? तोवर घरात कॉफी मामी करायची, नजरेच्या अंदाजाने, आणि दोघं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी समोरासमोर बसून प्यायची. लग्नापासून एक सकाळ चुकली नव्हती. भांडण झालं असलं तरी मामी बसायचीच, फक्त कप जरा जोरात आपटायची.

नवा काटा मामाने खात्याच्या पितळी वजनांनी तपासला. चोख निघाला. मग सवयीने हात शिवशिवले आणि त्याने काट्याला खालून शिशाचा शिक्का मारला. दुसऱ्या दिवशी वजनं आणि शिक्का मारायची पक्कड खात्यात जमा करून आला.

त्यानंतर कॉफी मामा करू लागला आणि आमच्या घरात ते सरकारी काम झालं. पूड अठरा ग्रॅम, पाणी ठरलेल्या कपाने. पंखा बंद, कारण वाऱ्याने आकडा हलतो. मी नोकरीसाठी त्यांच्याकडे राहते. मला निघायची घाई, पण आकडा स्थिर होईपर्यंत मलाही दारात ताटकळावं लागायचं.

"श्वास जरा धर," मामा म्हणायचा.

"अरे मामा, मी दारात उभी आहे!"

"म्हणून तर 'जरा' म्हटलं. जवळ असतीस तर पूर्ण धरायला लावला असता."

वरच्या मजल्यावर टायपिंग शिकवणाऱ्या बाई राहायच्या. त्या चालल्या की आकडा हलतो, असा मामाला संशय आला. तो वर जाऊन, आमची कॉफी होईपर्यंत खुर्चीतून उठू नका, अशी विनंती करून आला. बाई खरोखर बसून राहू लागल्या. याच्याशी वाद कोण घालणार!

एवढा आटापिटा करून कॉफी व्हायची कडू जहर.

"अहो, पूड जास्त पडतेय," मामी म्हणाली.

"अठरा ग्रॅम आहे."

"मग तुमचा काटा बिघडलाय. तपासून तरी बघा."

"अगं, शिक्का मारलेला काटा तपासायचा नसतो. तपासलाय म्हणून तर शिक्का आहे!"

दुसऱ्या सकाळपासून मामी कॉफीला वर बाईंकडे जाऊ लागली. बाई मामाच्या हुकमाने खुर्चीत, त्यामुळे तिथेही कॉफी मामीच करायची, अंदाजपंचे. तिच्या पावलांनी खाली आकडा हलायचा. मामा छताकडे बघायचा, पण तिला बसून राहा म्हणायला काही वर गेला नाही. दोन कप भरायचा, तिची वाट बघायचा आणि शेवटी तिचाही कप संपवायचा. मला त्याचा राग यायचा आणि त्याहून जास्त वाईट वाटायचं.

"बोलव ना तिला खाली," मी म्हटलं.

"तिचा विश्वास उडालाय."

"काट्यावरचा?"

"माझ्यावरचा."

एका रविवारी मामी ओटा पुसत होती. तिने काटा उचलून परत ठेवला, तर तो डुगडुगला. तिने तो उलटा करून पाहिला.

"अहो, इकडे या. याचे पाय नीट टेकतच नाहीत. हा तुमच्या शिक्क्यावर उभा आहे! पायांवर पडायचं वजन अर्धं शिसंच खातंय, मग आकडा कमी दिसणारच. तुम्ही आपले पूड ओतताय."

मामाने ओट्याला गाल टेकवून काट्याच्या खालून पाहिलं. दोन पाय अधांतरी होते. मला हसू फुटलं. त्याचं तोंड पाहून मी ते गिळलं.

"काढून टाका तो शिक्का," मामी म्हणाली.

"शिक्का तोडणं गुन्हा आहे. मी बकरीला सोडलं नाही, अगं!"

"बरं. मग मी वर जाते." ती दारापर्यंत पोचली.

"थांब."

मामाने सांडशी तिच्या हातात दिली आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"हे काय आता?"

"निरीक्षक जागेवर नाही."

टक् असा आवाज झाला. मामाचे खांदे दचकले.

"वळू का?"

"थांबा जरा."

मग पुडीच्या डब्याचं झाकण वाजलं. पाणी उकळलं. तिने पंखाही लावला. मामा वळला तेव्हा टेबलावर समोरासमोर दोन कप होते आणि मामी बसली होती.

"किती ग्रॅम?" त्याच्याने राहवलं नाही.

"मला काय माहीत!"

मामाने घोट घेतला. "बरोबर आहे," तो म्हणाला. बाजारात काटा पास करताना म्हणायचा तसंच.

मामीने एक घोट घेतला आणि कप जरा जोरात आपटला.