डॉकला बांधलेला लॅपटॉप

मॉनिटर नुकतेच चपटे झाले होते तेव्हाची गोष्ट. लॅपटॉप डॉकवर, म्हणजे वायरी कायम जोडलेल्या बैठकीवर, बसवला की टेबलावरचे दोन्ही मॉनिटर लागावेत आणि संध्याकाळी तो उचलून घरी नेता यावा, एवढ्यासाठी मी गंगापूर रोडच्या ऑफिसात ते डॉक घेतलं. लागायचा एकच. मग दर आठवड्याला दुरुस्तीला एक माणूस यायचा. नाव मी कधी विचारलं नाही.

आल्या आल्या तो चालू मॉनिटरचीच वायर काढायचा.

“अहो, तो चालतोय.”

“चालू हाय त्यालाच इचारायचं, मॅडम. बंद पडलेला काय सांगनार?”

मग प्रत्येक पिनेवर फुंकर, शर्टाच्या टोकानं पुसणं, आणि प्रत्येक बटणाआधी “आता बघा.” मी बघायचे. दोन्ही काळे.

एका सोमवारी मी वैतागून सांगितलं, “आज झालं नाही तर पुन्हा येऊ नका.”

तो बराच वेळ टेबलाखाली डोकं घालून बसला. “वायरी चांगल्या हायेत. लॅपटॉपच लय हलतोय,” म्हणाला. त्याच्या घरी झेंडूचा मळा, त्यामुळे हार ओवायचा दोरा कायम खिशात. त्या दोऱ्यानं त्यानं लॅपटॉप डॉकला करकचून बांधला. दोन्ही मॉनिटर उजळले.

“आणि घरी कसा नेऊ?”

“घरी कशाला? घरी मान्सं असत्यात ना.”

त्यानंतर त्याला बोलवावं लागलं नाही. कात्री ड्रॉवरमध्येच होती. रोज सहा वाजता मी त्या गाठीकडे रागानं बघायचे आणि हात हलवत घरी जायचे.