पाहुण्यांच्या आधी आलेलं तोंड

पाहुणे रविवारी येणार होते आणि माझं तोंड शुक्रवारीच आलं.

पाहुणे म्हणजे आमच्या वर्षाला बघायला टेंभुर्णीहून येणारी मंडळी. मुलगा दातांचा डॉक्टर, दवाखाना इथं जालन्यातच. स्थळ माझ्या मेव्हण्यानं, नामदेवनं आणलेलं. त्यानं फोनवर बजावून ठेवलं होतं, "दाजी, मुलाच्या वडलांची एकच अट हाय. गुटखा-तंबाखूवाल्या घरात सोयरीक बिलकुल न्हाई. माणसाचं तोंड बघूनच वळखतेत ते!"

मी सुपारीसुद्धा खात नाही. पण मस्तगडला माझं भांड्यांचं दुकान, तिथं दिवसभर चहा चालू. त्यामुळं दात असे पिवळे, की कोणीही शपथेवर सांगावं, हा माणूस तंबाखूच्या पोत्यातच जन्मला! मग काय, बाजारातला सगळ्यात कडक ब्रश आणला, काळं मंजन आणलं, आणि करपलेलं पातेलं घासावं तसा सकाळ-दुपार-संध्याकाळ दातांवर तुटून पडलो.

शुक्रवारी गालाच्या आत काहीतरी झोंबलं. आरशापुढं उभा राहिलो. एका हातानं ओठ ओढला, दुसऱ्या हातात मोबाईलची बॅटरी. मधे पांढुरका, कडेनं लालबुंद, मसुरीच्या डाळीएवढा फोड! मोबाईललाच विचारलं. त्यानं पोट साफ नसण्यापासून सुरुवात केली आणि नाव घेऊ नये अशा आजारापाशी आणून सोडलं. मी थेट शेवटचा आजार निवडला. (दुकानात गेलो तरी मी सगळ्यात महागाचीच वस्तू उचलतो.)

बायकोला समोर बसवलं. "सुनंदा, माझ्यामागं दुकान विकू नको."

"आ करा," ती म्हणाली. तिनं एक नजर टाकली. "तोंड आलंय तुम्हाला. जाईचा पाला चावा अन् गप बसा."

एवढा भारी आजार आणि औषध काय, तर अंगणातला पाला! मला अपमानच वाटला. मी गुपचूप कापसाचा बोळा लवंगेच्या तेलात चिंब भिजवला आणि दुपारभर गालात धरून बसलो. आग आग झाली. म्हटलं, वा, औषध काम करून राह्यलंय! करतच होतं, फक्त फोडाच्या बाजूनं. शनिवारी उठलो तर एका फोडाची अख्खी वसाहत झालेली. गालाची सालं निघाली होती, जीभ हलेना, पाणी प्यायलो तरी डोळ्यांतून पाणी!

रविवारी मुकाट्यानं जाईचा पाला तोंडात कोंबला. चघळत बसलो होतो तेवढ्यात दारात गाडी थांबली. मंडळी वेळेच्या आधीच हजर! थुंकायलाही सवड मिळाली नाही.

"राम राम, पाव्हणं!" मुलाचे वडील म्हणाले. पांढरी टोपी, भरघोस मिशा, आणि नजर थेट माझ्या फुगलेल्या गालावर.

"हाम हाम," मी म्हणालो.

ओठांच्या कोपऱ्यातून हिरवा ओघळ सुटला. मी तो बाहीनं पुसला. (नवा पांढरा सदरा!) मुलाच्या आईनं नवऱ्याला कोपर मारलं.

"काय खाऊन राह्यले, पाव्हणं?" वडिलांनी विचारलं. आवाज थंड.

मला सांगायचं होतं, जाईचा पाला. जीभ वळेना. बाहेर पडलं ते एवढंच, "जा... पा..."

"जर्दा-पान?"

मी जोरजोरात मान हलवली. नाही म्हणून! पण घाईत ती आडवी हलवायची की उभी, याचा घोटाळा झाला. बरं, हात हलवून समजवावं म्हटलं, तर पाला घशात उतरायला लागला. मी उठून मोरीकडं पळालो. घर लहान, मोरी पडद्याआडच. तिथून निघालेली ती दणदणीत पिचकारी बैठकीतल्या प्रत्येकानं ऐकली.

मी परत येईपर्यंत मुलाचे वडील उभे राहिले होते. नामदेव त्यांच्या हाताला धरून विनवत होता, "मामा, बसा तर खरं! दाजी तसे न्हाईत!"

"म्या कानानं ऐकलं की!" मामा म्हणाले.

पोरीचं चांगलं जमत आलेलं स्थळ मी माझ्या गालानं मोडत होतो! तेवढ्यात वर्षा पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आली. खाली मान, हळू पावलं, असलं काही नाही. तिनं ट्रे ठेवला आणि सरळ मुलाकडं पाहिलं. "बाबांचं तोंड आलंय. डॉक्टर आहात ना? मग बघून सांगा की, तंबाखू आहे का काय ते."

मुलगा हसला, उठला, हात धुऊन आला. "काका, खुर्चीत बसा. आ करा. वर्षा, जरा बॅटरी धरता का?"

आमच्या बैठकीत, दोन्हीकडच्या नातेवाइकांसमोर, मी आ वासला.

"दुखतं का?"

"आँ!" मी किंचाळलो.

"चांगलं आहे," तो म्हणाला. (जावई करावा की नाही, असा विचार माझ्याही मनात पहिल्यांदा आला.) "अहो, असे दुखणारे फोड बहुतेक आठ-पंधरा दिवसांत भरतात. दोन-तीन आठवडे झाले तरी न भरणारा, किंवा न दुखणारा पांढरा-लाल चट्टा, घट्ट गाठ असं काही दिसलं तर मात्र लगेच दाखवायचं. हा पहिला फोड ब्रशनं खरचटून झालाय. पण बाकीचं भाजलंय. काही लावलं होतं का?"

"लवंगेचं तेल!" सुनंदा पडद्यामागून ओरडली. "म्या पाला सांगितल्ता!"

"आणि हिरड्या कशानं सोलल्या? एवढं कधीपासून घासताय?"

"तुमचं स्थळ आल्यापासून!" वर्षा म्हणाली.

मामांच्या मिशा हलल्या. आधी थोड्या, मग गदागदा. ते पोट धरून खाली बसले आणि म्हणाले, "डॉक्टर, तंबाखू हाय का?"

"न्हाई, बाबा. निव्वळ मेहनत हाय!"

मला मऊ ब्रश, कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या आणि दहीभात मिळाला. हिरव्या मिरचीचे पोहे बाकीच्यांनी माझ्यासमोर बसून खाल्ले. सोयरीक त्याच बैठकीत जमली.

नामदेवनं त्या दिवशी एकच फोटो काढला आणि तोच लग्नाच्या अल्बमात पहिल्या पानावर लागलाय. मुलगा भान हरपून वाकून बघतोय, मंडळी कौतुकानं बघताहेत, वर्षाचा फक्त बॅटरी धरलेला हात दिसतो, आणि मधोमध माझा वासलेला जबडा. अल्बम चाळणारे पाहुणे अजून विचारतात, "मुलानं नेमकं पसंत कोणाला केलं?"