मावशीने वाळवलेली अंबाडी

नांदेडहून काचीगुड्याची गाडी धरली, तेव्हा माझ्याजवळ ओल्या पोत्यात गुंडाळलेली अंबाडीच्या काड्यांची पेंढी होती. बाबांनी ती पंधरवडाभर ओढ्यात कुजवली होती. दुसऱ्या दिवशी हैदराबादच्या एका कॉलेजात धाग्यांचं प्रदर्शन होतं. माझा विषय हेम्प, म्हणजे भांगेच्या झाडाचा वाख (सालीचा धागा). जहाजांची शिडं, दोर, कागद, कापड, बियांचं तेल, सगळं तक्त्यावर लिहिलं होतं. पण ते झाड परवान्याशिवाय लावता येत नाही. म्हणून परीक्षकांसमोर सोलून दाखवायला, जुन्या पुस्तकांत जिला दख्खनचं हेम्प म्हटलंय ती अंबाडी घेतली. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. जमेल का, ही धाकधूक होती.

डब्यात वास सुटला. समोरच्या तेलुगू बाईंनी नाकाला पदर लावला.

"क्या मर गया अम्मा उसमें?"

"गोंगुरा है," मी अंबाडीचं तेलुगू नाव चाचरत सांगितलं.

"गोंगुरा? हम खाते, तुम सडाते!" असं म्हणत त्यांनी त्याच पाल्याची आंबटढाण चटणी माझ्या भाकरीवर वाढली.

हैदराबादेत बरकतपुऱ्यात मावशीकडे पोचले, पेंढी न्हाणीघरात ठेवली आणि जरा पडले. उठले तर मावशी खुशीत. "किती ओलं होतं गं ते! गच्चीवर कडक उन्हात वाळवलं."

"अगं, आता ती सोलायची कशी?" मी रडवेली होऊन म्हणाले. ओल गेली की साल काडीला चिकटते. हे ऐकून मावशीचाही चेहरा उतरला. तिने लगेच ऑटो केली आणि मला सुलतान बाजारात ओळखीच्या दोरवाल्या चाचांकडे नेलं.

चाचांनी एक काडी मोडून पाहिली. "कैकू रोते बेटा? रातभर पानी में डालो. फिर हल्लू (हळू) खींचो."

"टूट गया तो?"

"जोड़ने के वास्तेइच तो बटते (पीळ घालतात)!" त्यांनी मांडीवर वाख ठेवून तळहाताने वळून दाखवला.

प्रदर्शनात पहिल्या दोन काड्यांचा वाख मध्येच तुटला. तिसरीचा शेंड्यापर्यंत सलग निघाला. तुटलेले पदरही त्यात जोडून मी दोन हात दोर वळला. परीक्षक बाईंनी तो ताणून पाहिला. "कुणी शिकवलं?"

"कुजवायचं बाबांनी, जोडायचं सुलतान बाजारच्या चाचांनी."

प्रमाणपत्र आणि दोर घेऊन घरी आले. बाबांनी प्रमाणपत्र कौतुकाने देवळीत ठेवलं, मग दोर हातात घेतला. "पीळ उलटा घातलास की गं."

"चाचा डावखुरे होते."

आता बाबा तो पीळ उलगडतील, असं वाटलं. पण त्यांनी दोर दोनदा ताणला, गोठ्यात गेले आणि वासराच्या गळ्यात बांधला. माझ्या तक्त्यावरच्या उपयोगांत वासरू नव्हतं.