तीन सेन्सर, एक सेकंद

ती घटना आठवली की आजही मी स्वतःवर हसते.

आठवायला निमित्त झालं नातीचं. परवा तिनं मोबाईल माझ्या नाकापुढं धरला. "आजी, आपल्या घराला चोर-अलार्म बसवायचाय. आपणच बसवायचा, वायरलेस सेन्सर मागवून. यातले कुठले घेऊ? तू पोलीस होतीस ना?" मी म्हटलं, "आधी चहा टाक. सेन्सर कसे निवडायचे हे मला एका बाईनं शिकवलंय. आणि त्या वेळी मी तिला अटक करायला निघाले होते."

नावं कुणाचीच सांगणार नाही. निवृत्तीला चार-एक वर्षं उरली होती. लोहारा भागातल्या एका ठाण्याची मी प्रभारी होते, सहायक पोलीस निरीक्षक. तेव्हाची मी काय वर्णावी! कडक इस्त्रीची खाकी, काळा गॉगल, आणि माणूस दारातून आत येईपर्यंत खरा की खोटा ते ओळखते, अशी ख्याती. ती ख्याती मीच पसरवली होती, हा भाग वेगळा.

सकाळची हजेरी संपत होती तेवढ्यात माकणीहून एक बाई आली. माहेर जवळच्याच एका गावात. आईच्या चार पाटल्या आणि बोरमाळ पेटीतून गेली, अशी फिर्याद. दोन दिवसांपूर्वी दुपारी ती आईला आपल्याकडं राहायला घेऊन गेली होती. मग मुलीच्या साखरपुड्यासाठी दागिने आणायला माहेरी आली, तर पेटी मोकळी.

"संशय कुणावर?"

"घरात दोघीच, मॅडम. माझी आई आन् भावजय. भाऊ पुण्याला कंपनीत असतो. आईला तर पेटीचं झाकण बी उचलंना." मग पदर सारखा करून ती म्हणाली, "भावजयीनं घरभर चोर धरायची मशिनं लावल्यात. स्वतःच्या हातानं. तरीबी चोरी झाली. मंग चोर कोण, तुमीच सांगा."

मला हे फार आवडलं. आयतं ताट वाढून आलेलं कुणाला आवडत नाही?

दुपारपर्यंत आमच्या हवालदारानं खबरही आणली. चहाच्या टपरीवाल्यानं सांगितलं होतं, की त्या सुनेच्या नावानं कुरिअरवाला महिन्यातून दोनदा बारीक बारीक खोकी आणतो. शिवाय मागं एकदा तिनं भोंगा वाजवून बघितला, सगळी आळी गोळा झाली, आणि दुसऱ्याच दिवशी तिनंच तो भोंगा काढून टाकला.

"भोंगा काढला म्हणजे तयारीच केली की हो, मॅडम," हवालदार म्हणाला.

"लिहून घ्या," मी म्हटलं.

बाईचा जबाब तिच्या घरी जाऊन घ्यायचा असतो. महिला शिपायाला बरोबर घेऊन सुनेकडं गेले. भूकंपानंतरच्या पुनर्वसनातलं घर, काँक्रीटच्या दोन खोल्या आणि मागं नंतर टाकलेली पत्र्याची पडवी. सून तिशीतली, आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली. रडली नाही, की पाया पडली नाही. एक वही घेऊन समोर बसली. रडत नाही ती निगरगट्ट, हा माझा तेव्हाचा नियम. आणि रडते ती नाटकी, हाही माझाच नियम. या दोन नियमांतून कुठली बाई सुटणार होती?

"ही मशिनं कशी निवडलीस?" मी विचारलं. कायद्याच्या कामापेक्षा जाळं टाकायला म्हणून.

"लई चुकून निवडली, मॅडम. आधी माणूस हलला की कळणारं घेतलं. ते अंगाच्या उष्णतेवर चालतंय. उन्हाळ्यात पडवीत हवाच माणसाएवढी तापती, मग त्याला माणूस दिसतच न्हाय. थंडीत मांजर गेलं तरी ओरडायचं. मग दाराचं घेतलं, एक तुकडा चौकटीला आन् चुंबकाचा तुकडा दाराला. पण दार लोखंडी. लोखंडावर चुंबक फसतंय, म्हणून मधी लाकडाची पट्टी घातली. इंटरनेटवर चालणारं नको म्हटलं, लाइट गेली की रेंजबी जाती. हे सेलवर चालतंय. सगळ्यांची खबर या डबीत येती, डबीतनं ब्लूटूथवर माझ्या फोनात. भिंतीत गजाची जाळी लई, खबर अडती, म्हणून डबी खिडकीत ठेवली."

मी मान हलवत होते. खरं सांगते, निम्मं कळलं नव्हतं. आमच्यासाठी वायरलेस म्हणजे ठाण्यातला तो खरखरणारा संच.

"मागच्या दाराला काही नाही?"

"ते दार कधी पुरतं बंदच होत नसतंय. अक्का दगड लावून ठेवतात." अक्का म्हणजे तिची सासू. "बंद न होणाऱ्या दाराला दाराचं सेन्सर काय कामाचं? म्हणून धक्का लागला की कळणारी तीन घेतली. एक पेटीला, एक मागच्या खिडकीला, एक भांड्यांच्या मांडणीला."

मी लिहिलं: *मागचं दार हेतुपुरस्सर उघडं.*

"आणि भोंगा?"

तिनं खाली बघितलं. "भोंगा झाला की अक्का पळत सुटतात. त्या दिवशी उंबऱ्याला अडखळून पडल्या. मग काढून टाकला. आता नुसता माझा फोन थरथरतो."

"गोष्ट चांगली रचलीस," मी म्हटलं. हे वाक्य आठवलं की अजूनही मला माझाच कान पिळावासा वाटतो.

वही तिनंच पुढं सरकवली. मोबाईलमध्ये नोंदी फार दिवस राहत नाहीत, म्हणून ती रोज हातानं उतरवायची. नणंद अक्कांना घेऊन गेली त्याच दिवशी सकाळी अकरा चव्वेचाळीसला पेटी हलली होती. पुढच्या दारानं कुणी आत आलं नव्हतं.

"तू कुठं होतीस?"

"मागं, पडवीच्या आडोशाला धुणं धूत होते."

"फोन थरथरला नाही?"

"फोन आत होता."

"म्हणजे घरात तुम्ही दोघीच. आणि अक्कांना झाकण उचलत नाही."

"व्हय," ती म्हणाली.

नणंद दारातच उभी होती. तिनं भावाला फोन लावून आवाज मोठा केला. भाऊ म्हणाला, सोनं सापडेपर्यंत बायकोनं माहेरी जावं, आईला तो पुण्याला नेईल, सहाव्या मजल्यावरच्या फ्लॅटवर. तेव्हा पहिल्यांदा त्या पोरीचा चेहरा हलला.

"सहाव्या मजल्यावर? अक्का मरतील की तिथं," ती म्हणाली. स्वतःबद्दल एक शब्द नाही.

"अक्कांना चोरीचं कळलंय का?" मी नणंदेला विचारलं.

"न्हाय न्हाय. आईला काही सांगायचं न्हाय. धसका घेईल."

मीही मान डोलावली. ज्या बाईचं सोनं गेलं तिलाच काही विचारायचं नाही, असा तपास माझ्या हाताखालच्या एखाद्या फौजदारानं केला असता तर मी त्याची चामडी लोळवली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्यात कागद तयार करायला बसले. वही माझ्यापुढं. एक गोष्ट मात्र मला टोचत होती. मशीन तिचं, मोबाईल तिचा, वही तिची. अकरा चव्वेचाळीसची ती ओळ तिनं लिहिलीच नसती तर मला काय कळणार होतं?

म्हणून मी त्या ओळीच्या वरच्या ओळी वाचल्या. ११:४२:०७ पेटी. ११:४२:०७ खिडकी. ११:४२:०७ मांडणी. पुढं तिनं पेन्सिलीनं लिहिलं होतं, *सेल बघणे.*

"मशीनच बिघडलंय," मी म्हटलं.

हवालदार चहा ठेवत होता. डोकावून हसला. "एक हात पेटीवर, दुसरा खिडकीवर, तिसरा मांडणीवर. आन् तेबी एकाच सेकंदाला! ह्यो चोर हाय का देव?"

मीही हसले. हसता हसता मांडणी या शब्दावर अडकले.

त्र्याण्णवच्या भूकंपानंतर मी याच भागात बंदोबस्ताला होते. नवी शिपाई, अंगावर खाकी ढगळ. लोक पत्र्याच्या शेडमध्ये राहायचे. नंतरचे बारीक धक्के यायचे तेव्हा पायाला काही कळायच्या आधी भांडी वाजायची. एकदम, सगळ्या शेडमधली. बायका पोरांना उचलून नुसत्या उघड्यावर येऊन उभ्या राहायच्या. आणि त्या दिवसांत कुणीही दार पुरतं लावायचं नाही. चौकट वाकली की दार अडकतं आणि माणूस आत राहतं, हे प्रत्येकानं डोळ्यांनी बघितलेलं.

दगड लावलेलं दार! काल मी त्याच्यासमोर उभी राहून 'हेतुपुरस्सर' लिहून आले होते.

तहसील कार्यालयात फोन लावला. त्या दिवशी, त्या वेळेला काही? पलीकडचा कारकून म्हणाला, "व्हय मॅडम, सौम्य धक्क्याची नोंद आहे. कुणाला फारसा जाणवला न्हाय."

चहा तसाच टाकून माकणी गाठली. अक्का लेकीच्या अंगणात चिंचेखाली तूर निवडत बसल्या होत्या. घरात खाट असून बाहेर. लेक घाईघाईनं म्हणाली, "आई, ह्या ओळखीच्या हायेत." मी गॉगल काढला आणि त्यांच्यासमोर मातीत बसले.

"अक्का, तुम्ही इकडं आलात त्या दिवशी सकाळी, जेवणाच्या आधी, धरणी हलली का?"

त्यांचा हात सुपात थांबला. आधी त्यांनी लेकीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"तुमाला बी कळली?"

"कळली."

"मंग ह्ये सगळे न्हाय का म्हणतेत? इतकी वर्सं झाली, म्या म्हणते हलली, ह्ये म्हणतेत तुजं डोकं हललंय."

"मग तुम्ही काय केलंत?"

"काय करायचं? पेटी उघडली, ठेवणीचं समदं भाईर काढलं. धरणी हलली की आठ दिस म्या आत आणत नसते. घर पडलं तर पडू दे."

"आई, तुला झाकण उचलंना की!" लेक ओरडली.

"एरवी न्हाय उचलत," अक्का म्हणाल्या. "धरणी हलली की उचलतंय."

"कुठं ठेवलंय, अक्का?"

"खुराड्यात. कोंबडी बसलीया वरनं. तिच्यापेक्षा चांगला पहारा तुमच्या ठाण्यात बी न्हाय."

अक्कांना घेऊन त्यांच्या घरी आलो, आणि ते खरं निघालं. दोन पंचांसमोर आमच्या हवालदारानं खुराड्यात हात घातला आणि कोंबडीनं त्याला असं टोचलं की तो आईच्या नावानं ओरडला. तेलाचा जुना डबा निघाला. आत चार पाटल्या, बोरमाळ, आणि प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेला एक कागद. मला वाटलं सातबारा असेल. उघडला तर सुनेचं आयटीआयचं प्रमाणपत्र.

सून बघतच राहिली. "अक्का, हे कशाला?"

"सोनं दुसरं घडवता येतंय," अक्का म्हणाल्या. "तुजा कागद दुसरा कोण देतंय? कचेरीला चकरा मारून मरशील."

नणंद भिंतीकडं तोंड करून उभी होती. जरा वेळानं तिनं भावजयीच्या हातातली घागर घेतली आणि आत पाणी ठेवायला गेली. फिर्याद तिथंच मिटली.

नोकरीत मी खुनाचे तपास केले, दरोडेखोर धरले. पण त्या अंगणात मला जे वाटलं ते पुन्हा कधी वाटलं नाही. काडेपेटीएवढं सेन्सर, आणि त्यानं जमिनीच्या पोटातली हालचाल ऐकली. आणि त्या म्हातारीच्या तळपायांनी तीच हालचाल ऐकली, सेल न घालता, एवढी वर्षं. आणि या दोघांच्या मध्ये ही पोर. दाराचा दगड काढायला तिनं सासूला कधीच सांगितलं नाही. दगड तसाच ठेवून त्याच्याभोवती सेन्सर शोधले. जिथं यंत्र नव्हतं तिथं मला गुन्हा दिसला. तिथं तर तिनं सगळ्यात जास्त विचार केला होता.

नातीला मी तेच सांगितलं. सेन्सर नंतर निवड, आधी वही घे. घरातलं कोण कुठलं दार उघडं टाकतं, कशाला दचकतं, कशामुळं पळतं, ते लिही. तिनं दोन दिवस लिहिलं. पहिलीच ओळ होती, *आजी दुपारी लाडवाचा डबा उघडते आणि नाही म्हणते.* पोरगी पोलिसात जाणार, मला दिसतंय.

त्या दिवशी निघताना मी सुनेची माफी मागितली. आयुष्यात फार वेळा मागितली नाही, त्यामुळं नीट जमली नाही. ती म्हणाली, "माझं जाऊ द्या, मॅडम. वहीच्या त्या पानाची झेरॉक्स काढून सही-शिक्का देता का? अक्कांसाठी."

दिला. दुसऱ्या दिवशी स्वतः नेऊन. ठाण्याचा गोल शिक्का, माझी पूर्ण सही. कुठल्या नियमात बसतो ते विचारू नका.

अक्कांना वाचता येत नव्हतं. सुनेनं बोट ठेवून तीन ओळी वाचून दाखवल्या आणि तिसऱ्या ओळीनंतर म्हणाली, "हलली होती, अक्का. सरकारचा शिक्का हाय." अक्कांनी शिक्क्यावरून अंगठा फिरवला. मग फोन मागून लेकाला सांगितलं, "म्या पुण्याला येत न्हाय. माजं डोकं ठीक हाय. कागद हाय माज्याकडं."

आणि त्या कागदाची चार पदरी घडी करून त्यांनी तो डब्यात ठेवला, पाटल्यांच्या वर. आठ दिवस पुरे झाले नव्हते. डबा परत खुराड्यात गेला.