देवघरातल्या कपाटावरचे ठसे

सप्तापुरात आमच्या शेजारी चोरी झाली, तेव्हा त्या घरात सगळ्यांत आधी काय झालं असेल, तर साफसफाई.

सगळे कलघटगीला लग्नाला गेले होते. परत येऊन बघतात तर दाराचं कुलूप तुटलेलं, देवघरातलं लोखंडी कपाट सताड उघडं आणि सासूबाईंचं सोनं गायब. सासूबाई बाहेरच्या खोलीत आडव्या झाल्या, मुलानं पोलिसांना फोन लावला आणि सूनबाईनं मला हाक मारली. मी निवृत्त शिक्षिका. गल्लीत कुणाचं काही बिघडलं की मला बोलावतात, आणि मी तोंड उघडलं की कशाला बोलावलं असं त्यांना होतं.

मी जाऊन बघते तर त्यांची कामवाली, जिला गल्लीतले सगळेच अक्का म्हणतात, ती चक्क देवघरात! माझा डोळ्यांवर विश्वास बसेना. सासूबाईंचं सोवळं भारी कडक. अक्कानं त्या घरात उभा जन्म केर काढला, पण तो देवघराच्या उंबऱ्यापर्यंत. पलीकडचा केर सासूबाई स्वतः काढणार, कंबर मोडली तरी. आणि आज तीच अक्का डाव्या हातानं कपाटाचं दार दाबून धरून उजव्या हातातल्या ओल्या फडक्यानं त्यावर उडालेलं कुंकू आणि समईचं तेल पुसत होती.

"अगं, हे काय चालवलंय? पोलीस येईपर्यंत कशाला हात लावायचा नसतो!" मी ओरडले.

"पोलीस येणार म्हणूनच की हो बाई," सूनबाई स्वयंपाकघरातून म्हणाली. ती शिरा परतत होती. "काय म्हणतील ते, घर आहे का उकिरडा? माझे हातपाय कापतायत, म्हणून अक्काला सांगितलं. आईंना मात्र सांगू नका हं."

धन्य ती माउली! पुरावा पुसून झाला होता, चोराला ओवाळायचं तेवढं राहिलं होतं.

पोलीस आले. घर लखलखीत बघून इन्स्पेक्टर बूट काढू की नको अशा विचारात दारातच थबकले. त्यांनी माग काढायला आणलेल्या कुत्र्यानं फिनेल मारलेली फरशी हुंगली, दोनदा शिंकलं आणि सरळ शिऱ्याच्या कढईपाशी जाऊन बसलं. थोड्या वेळानं बाकीच्या पथकानंही तोच माग काढला. ठसे घेणाऱ्यानं ब्रशनं कपाटावर पूड फिरवली, फोटो काढले, घरातल्या सगळ्यांचे आणि अक्काचेही ठसे घेतले. गल्ली फाटकात जमलीच होती. टीव्हीवर गुन्ह्यांच्या मालिका बघून बघून आमच्याकडे घरटी एक तज्ज्ञ तयार झालाय. "घरातलंच कुणीतरी असणार," असं प्रत्येकजण दुसऱ्याच्या घराकडे बघून सांगत होता.

दुसऱ्या दिवशी इन्स्पेक्टर आले आणि त्यांनी कामावर आलेल्या अक्कालाच पुढं बोलावलं. कपाटाच्या दारावर एकच पंजा मिळाला होता, तिचा. आता चोरी कशी केली ते तिला करून दाखवायला लावायचं, त्याचं मोबाइलवर चित्रण करायचं आणि महजर लिहायचा. आपण ज्याला पंचनामा म्हणतो, तोच हा महजर. पंच म्हणून मला बसवलं. "तुम्ही शिकलेल्या आहात," म्हणाले. म्हणजे सही करता येते, एवढाच त्याचा अर्थ.

सासूबाई देवघरासमोर खुर्चीत बसल्या होत्या. सूनबाई खांबाला टेकून उभी.

"कपाट कसं उघडलंस, दाखव," इन्स्पेक्टर कन्नडमध्ये म्हणाले.

अक्का उंबऱ्याशी गेली आणि थांबली.

"आत हो की!"

"मला आत जायला बंदी आहे, सायेब."

"मग तुझा हात कपाटावर कसा?"

अक्कानं सूनबाईकडे बघितलं. सूनबाईनं सासूबाईंकडे बघितलं आणि मग फरशीकडे. फरशी स्वच्छच होती, बघण्यासारखं त्यात काही नव्हतं. मालकिणीचं नाव काही अक्काच्या तोंडून येईना. इन्स्पेक्टर हवालदाराला म्हणाले, "बसव जीपमध्ये." गल्ली फाटकात टाचा उंचावून उभी होती. अक्का एकदा त्या जीपमध्ये बसली असती, तर पुढं कोर्टानं काहीही म्हणू दे, सप्तापुरात तिला कुणी भांडी घासायला उभं केलं नसतं.

माझं डोकंच फिरलं. "सही गेली खड्ड्यात!" मी म्हणाले. "सूनबाई, तू बोलतेस की मी बोलू?"

तेव्हा कुठं तिला कंठ फुटला. "मीच सांगितलं होतं तिला पुसायला," ती रडत म्हणाली. "पोलीस यायच्या आधी."

इन्स्पेक्टरांनी कपाळावर हात मारला. पण सासूबाईंचं त्यांच्याकडे लक्षच नव्हतं. त्या ताठ बसल्या. "सोन्याचं राहू दे," त्या म्हणाल्या. "ही माझ्या देवघरात शिरली होती?"

अक्काला सोडलं. जाताना इन्स्पेक्टरांनी हात जोडून बजावलं, "आतल्या खणाचे ठसे घ्यायचे राहिलेत. उद्या माणूस येईल. कृपा करून कपाटाला कुणी हात लावू नका."

तो माणूस सकाळी आला, तर कपाट आतून-बाहेरून गोमूत्रानं धुऊन, देव पुन्हा मांडून, सासूबाई ओल्या लुगड्यानं जप करत बसलेल्या. बिचाऱ्यानं पेटी उघडली, वास घेतला आणि पेटी मिटली. चोर कुठला सापडतोय आता!

त्याच दुपारी अक्का माझ्या मागच्या दारी आली. शेजारचं काम सोडलं म्हणाली. मी तिला आत घेतलं, चहा दिला. कप दोन्ही हातांत धरून तिनं तो संपवला आणि खाली ठेवला.

"बाई, एक विचारू?"

"विचार की."

"चोरानं कपाटाला हात लावला, तेव्हा आईंनी काही धुतलं नाही. माझा लागला म्हटल्यावर धुतलं." तिनं माझ्याकडे बघितलं. "चोराची जात त्यांना ठाऊक होती का?"